शेजारी कप आणि आमचे सहा डॉक्टर

गॅरेजच्या दारावर बॉल आपटल्याचा आवाज आला की समजायचं, मामा युनिव्हर्सिटीतून आला. आधी तो बॅग पायरीवर टाकायचा, मग दहा मिनिटं धडाधड दारावर बॉल मारायचा आणि मगच घरात यायचा. दाराचा पत्रा मधोमध आत गेला होता. बाबा तो पत्रा रोज बघायचे आणि रोज काहीच बोलायचे नाहीत. पुणेरी माणसानं काही न बोलणं म्हणजे काय, ते ज्याला कळायचं त्याला कळतं. मामाला कळायचं नाही, किंवा कळलं तरी तो तसं दाखवायचा नाही. स्वयंपाकघरात शिरता शिरताच तो ओरडायचा, "ताई, भूक लागलीया बघ!" आणि दिवसभर लॅबमध्ये लोकांच्या रक्ताच्या नळ्या लावून दमलेली माझी आई हसायची. आईला हसवणारं आमच्या घरात दुसरं कुणी नव्हतं. मी सोळा वर्षांची होते, आणि ते आपलंही काम असू शकतं हे मला तेव्हा सुचलं नव्हतं.

श्रीधरमामा आईपेक्षा अठरा वर्षांनी लहान. इंजिनिअरिंगच्या मास्टर्ससाठी अमेरिकेत आला आणि एडिसनमधल्या आमच्या घराच्या बेसमेंटमध्ये राहिला. कोल्हापूरच्या कुस्तीबद्दल सगळ्यांना माहीत असतं, पण तिथल्या पेठापेठांत फुटबॉलवरून भावाभावांत अबोला होतो, हे बाहेरच्यांना सांगून पटत नाही. मामा तिथल्या एका तालमीच्या संघातून खेळलेला. बाबांना तो मुद्दाम डिवचायचा, "दाजी, तुमच्या पुण्यात फुटबॉल असतोय व्हय?" बाबा पेपरातून डोकं न काढता म्हणायचे, "असतो. पण आम्ही त्याबद्दल ओरडत नाही." रविवारी मामा मटणाचा तांबडा रस्सा करायचा. कोल्हापूरहून आलेली चटणी संपली की अमेरिकन दुकानातली लाल पूड आणि मेक्सिकन दुकानातल्या सुक्या मिरच्या कालवून तो स्वतःच काहीतरी बनवायचा. घरभर ठसका लागायचा, बाबा शिंकत शिंकत खिडक्या उघडायचे, शेजारची म्हातारी एकदा आग लागली का म्हणून विचारायला आली. मी नाक पुसत म्हणायचे, "मामा, धिस इज नॉट फूड, धिस इज पनिशमेंट." आणि दोन वाट्या प्यायचे.

आईबद्दल सांगायचं तर ती डॉक्टर होती. इथे मी 'होती' म्हणते ते आता ती नाही म्हणून नव्हे. तेव्हाही आम्ही 'होती' असंच म्हणायचो. एमबीबीएस झाल्यावर तिनं सरकारी दवाखान्यात चार वर्षं काढली होती, त्यातली दोन अपघात विभागात. उलटलेल्या ट्रॅक्टरखालची माणसं, बैलानं मारलेली माणसं, सायकलवरून पडलेली पोरं तिनं शेकड्यांनी बघितली होती. मग लग्न होऊन ती इथे आली. इथल्या परीक्षेला दोनदा बसली आणि दोन्ही वेळा थोडक्यात राहिली. तिसऱ्यांदा बसायची वेळ आली तोपर्यंत मी शाळेत जात होते आणि लॅबमधली नोकरी बरी चालली होती. जाडजूड पुस्तकं कपाटाच्या वरच्या फळीवर गेली. आमच्या ओळखीत पाच मराठी डॉक्टर होते. कुणाच्याही घरी जेवायला जमलो की ते पाचजण दिवाणखान्यात पेशंटबद्दल बोलत बसायचे आणि आई स्वयंपाकघरात पुऱ्या तळायची. ती कधी त्यांच्यात जाऊन बसली नाही, आणि तिला कुणी 'ये' म्हटल्याचंही मला आठवत नाही.

शेजारी कपाची कल्पना नेमकी कुणाची, यावर पुढे बरेच वाद झाले. झालं ते सगळं झाल्यावर मात्र कुणीच ती आपली म्हणेना. भारत, पाकिस्तान, बांगलादेश आणि नेपाळ, अशा चार देशांच्या इथे राहणाऱ्या लोकांनी आपापला संघ काढायचा आणि काउंटीच्या पार्कात एका शनिवारी सामने खेळायचे. सकाळी दोन, दुपारी फायनल. असं आधी कधीच झालं नव्हतं. आमच्याकडून सेक्रेटरी झाले बाबा, कारण मीटिंगमध्ये सगळे छताकडे बघत असताना त्यांनी चुकून समोर बघितलं. तीन महिने आमचा फोन मोकळा नसायचा. इंजिनिअर माणूस, त्यांनी मैदानाचा नकाशा ग्राफपेपरवर काढला, चारी देशांचे झेंडे एकाच मापाचे शिवून घेतले आणि कुणाचा झेंडा कुठे यावरून रुसवे नकोत म्हणून चिठ्ठ्या टाकल्या. संघात दोन गोवेकर, तीन बंगाली, एक केरळचा आणि बाकीचे आपले. बंगाल्यांचं म्हणणं, फुटबॉल म्हणजे आमचाच खेळ. पहिल्या प्रॅक्टिसला मामानं त्यांच्यातल्या दोघांच्या पायांतून बॉल काढला आणि तो विषय मिटला. बाबांचा चेहरा त्या दिवशी बघण्यासारखा होता. घरी येऊन ते गॅरेजच्या पत्र्याकडे बघून म्हणाले, "बदलता येईल म्हणा तो कधीतरी." हे त्यांच्या तोंडून निघालेलं सगळ्यात मोठं कौतुक होतं.

त्या शनिवारी ऊन छान होतं. मैदानाच्या कडेनं चारी देशांची टेबलं लागली. पाकिस्तानच्या टेबलावर निखारे पेटवून कबाब चालले होते, बांगलादेशच्या बायकांनी खिचडीची भलीमोठी पातेली आणली होती, नेपाळी पोरांनी मोमो वाफवायला ठेवले होते, आणि आमच्याकडे पुरी-भाजी आणि कूलरमध्ये श्रीखंड. राष्ट्रगीतांच्या कॅसेट आणल्या होत्या. नेपाळची सापडलीच नाही, तर ते लोक हात पाठीमागे घेऊन स्वतःच गायले आणि सगळ्यात छान तेच झालं. आमच्या वेळी टेपची बॅटरी उतरली आणि राष्ट्रगीत रडत रडत संपेना. मामा खांदे हलवत हसत होता आणि बाबा अटेन्शनमध्ये उभे राहून त्याच्याकडे डोळे वटारत होते. मामाचं हसतानाचं मला आठवणारं हे शेवटचं चित्र. मी ते बऱ्याचदा काढून बघते आणि बघितल्यावर बरं वाटत नाही.

सकाळचा आमचा सामना बांगलादेशशी होता. मामानं पहिला गोल केला. दुसऱ्यासाठी तो उडाला आणि समोरून त्यांचा गोलकीपरही उडाला. बिचाऱ्याची काहीच चूक नव्हती, तो बॉलवरच होता. त्याचा गुडघा मामाच्या डाव्या बरगड्यांखाली बसला. मामा पडला, थोडा वेळ गवतात कपाळ टेकून तसाच राहिला, मग उठला आणि हात वर करून 'काही नाही' अशी खूण केली. सामना आम्ही एक-शून्यनं जिंकलो. मामा चालत बाहेर आला, चटईवर बसला आणि मला म्हणाला, "शुभे, खांदा चोळ की जरा. भलताच दुखालाय." मी आमच्या पिशवीतली बामची बाटली काढली आणि त्याचा डावा खांदा चोळायला लागले. आई पाणी घेऊन आली. तिनं विचारलं, "खांद्यावर पडलास का?" मामा म्हणाला, "न्हाई, पोटावर बसलं. खांद्याला काय झालं कुणास ठाऊक." आईच्या हातातला ग्लास तिथेच थांबला. तिनं त्याचा टी-शर्ट वर केला, बरगडीखाली हात ठेवला, मनगट धरून नाडी मोजली. मी तिला कुणाची नाडी बघताना पहिल्यांदाच बघत होते. तिचे ओठ हलत होते.

ती उठली आणि सरळ मनोहरकाकांकडे गेली. मनोहरकाका आमच्या पाच डॉक्टरांत सगळ्यात ज्येष्ठ, मोठ्या हॉस्पिटलात हृदयाचे स्पेशालिस्ट. बाकीच्या चौघांपैकी एक डोळ्यांचे, एक लहान मुलांचे, एक मनाचे, आणि एक काकू एक्स-रे वाचायच्या. माणसं खरंच चांगली होती, हे मला आजही लिहावंसं वाटतं. आई म्हणाली, "मला स्प्लीन फाटल्याची शंका येतेय, डाव्या बरगडीखाली. खांद्याला मार नाही आणि खांदा दुखतोय. आत रक्त होत असेल. आत्ताच्या आत्ता न्यायला हवं." मनोहरकाका हातातली पुरी-भाजीची प्लेट ठेवून लगेच आले. मामाचं पोट दाबून बघितलं, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढल्या. म्हणाले, "पोट मऊ आहे. पल्स जरा फास्ट आहे, पण आत्ताच धावलाय तो. मसल आहे हा. पडू दे जरा." आई म्हणाली, "सुरुवातीला पोट मऊच असतं. मी बघितलंय." बाकीचे चौघंही भोवती जमले होते. मनोहरकाका हसले, अगदी मायेनं हसले, आणि म्हणाले, "अगं, आपण फुटबॉल बघायला आलोय, व्हायव्हा द्यायला नाही. तुझा भाऊ आहे म्हणून तुला तसं वाटतंय." सगळे हसले. एक्स-रेवाल्या काकू तेवढ्या हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "नेलं तर काय बिघडलं?" पण काकांसमोर त्यांनी ते इतकं हळू म्हटलं की मलाच ऐकू आलं.

आई बाबांकडे वळली. बाबांच्या हातात शिट्टी, गळ्यात स्टॉपवॉच, खिशातून कागद बाहेर आलेले. ते म्हणाले, "मनोहर म्हणतोय ना ठीक आहे म्हणून? आता इमर्जन्सीत नेलं तर अख्खा दिवस तिथेच जाईल. फायनल पाकिस्तानशी आहे गं. आणि त्याचं त्याला तरी विचार." मामाला विचारलं. मामा म्हणाला, "ताई, काय हुत न्हाई. जरा पडतो, मग बरं वाटंल." आईनं त्याच्याकडे बघितलं, मग मनोहरकाकांकडे, आणि तिचा आवाज खाली गेला. तिनं 'बरं' म्हटलेलं मला दिसलं. मी 'दिसलं' म्हणते, कारण ते ऐकू आलं नाही.

आता माझा भाग. पार्कानं त्या दिवसासाठी प्रथमोपचाराला एक अमेरिकन बाई दिली होती, खाकी चड्डी, कमरेला वॉकीटॉकी, पांढरे केस. ती गर्दी बघून आली. मामाच्या चेहऱ्याकडे तिनं एकदाच बघितलं आणि ॲम्ब्युलन्स बोलावू का म्हणून विचारलं. तिचा प्रश्न सगळ्यांना होता, पण सगळ्यांत फडाफड इंग्लिश माझं होतं आणि घरात-बाहेर अशा वेळी मलाच पुढे करायची सवय होती. मनोहरकाका म्हणाले, "सांग तिला, गरज नाही." मी तेवढंच सांगून थांबले असते तरी चाललं असतं. पण तिचा चेहरा मला आवडला नाही. शाळेत माझ्या डब्याकडे बघणाऱ्या मुलींचा असतो तसा तो वाटला. खरं तर ती काळजीत होती. मी ताठ उभी राहिले आणि म्हणाले, "नो, थँक यू. वी हॅव सिक्स डॉक्टर्स हिअर." सहा. आईला मी मोजलं होतं. एरवी तिला डॉक्टर कुणी म्हणायचं नाही, मीही नाही, पण त्या बाईला गप्प करायला मला सहावा डॉक्टर हवा होता. बाई म्हणाली, "सिक्स. ओके, हनी," आणि निघून गेली. आई माझ्या शेजारीच उभी होती. मी खाली बसले आणि पुन्हा बाम चोळायला लागले.

दीड-दोन तास मामा चटईवर पडून होता. सारखं पाणी मागत होता. बरं वाटतंय म्हणत होता, एकदा उठून श्रीखंडही चाखलं. आई त्याच्याजवळून हलली नाही. दर थोड्या वेळानं मनगट धरायची. फक्त एकदा उठून तिनं मनोहरकाकांना सांगितलं, "पल्स वाढतेय." ते म्हणाले, "ऊन आहे, डीहायड्रेशन आहे, संत्री दे त्याला." ती पुन्हा येऊन बसली. संत्री तिनं दिली नाहीत. मला म्हणाली, "त्याला खायला काही देऊ नकोस," आणि मला तेव्हा वाटलं, ती उगीच हट्ट करतेय. आता कळतं, ऑपरेशन करावं लागेल म्हणून ती त्याचं पोट रिकामं ठेवत होती. तिला तिच्या म्हणण्याची इतकी खात्री होती. आणि तरीही तिनं त्याचा हात धरून त्याला गाडीत घातलं नाही, गाडीच्या किल्ल्या तिच्याच पर्समध्ये असताना. मी आता साठीला आलेय, आणि आईवर माझा राग आहे की नाही याचं उत्तर मला अजून देता येत नाही. कधी असतो. मग तो मनोहरकाकांवर जातो, बाबांवर जातो, आणि फिरून माझ्यावर येतो.

फायनलचा पहिला हाफ मामा खेळला नाही. आम्ही एका गोलनं मागे पडलो. हाफ टाइमला कुणी त्याला खेळ म्हटलं नाही, हेही खरं. तो आपणच उठला, बूट बांधले. आईनं त्याचा दंड धरला आणि म्हणाली, "श्री, नको." तो म्हणाला, "दहाच मिनिटं गं ताई." तो मैदानात गेल्यावर आमच्या बाजूनं जो आरडाओरडा झाला त्यात मीसुद्धा होते. बॉल दोनदाच त्याच्या पायाशी आला. पाकिस्तानचा कॅप्टन तारिक म्हणून होता, पेट्रोल पंपावर काम करायचा, धिप्पाड माणूस. तो मामाला अडवायला आला आणि अडवायच्या ऐवजी त्याच्या तोंडाकडे बघत थांबला. "भाई, तुम ठीक नहीं हो," तो म्हणाला. मामानं पुढे पाऊल टाकलं आणि गुडघ्यांत वाकला. तारिकनं बॉल लाथ मारून पार रस्त्याकडे घालवला आणि मामाला खाली पडायच्या आत धरलं. मामाचा रंग राखेसारखा झाला होता आणि अंगाला घाम होता, पण हात लावला तर गार. ह्या वेळी त्या अमेरिकन बाईनं कुणाला विचारलं नाही. तिनं लांबूनच वॉकीटॉकी तोंडाशी धरला होता. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत मामाचे पाय तारिकनं आपल्या मांडीवर उंच धरून ठेवले, कारण आईनं त्याला तसं सांगितलं होतं. आता मात्र ती सगळ्यांना सांगत होती, मोठ्यानं, मराठीत आणि इंग्लिशमध्ये आणि हिंदीत, बाजूला व्हा, पाणी देऊ नका, पाय वर धरा. मनोहरकाकाही ती म्हणेल ते करत होते.

ऑपरेशनच्या टेबलावरच मामा गेला, संध्याकाळी, बाहेर अजून उजेड होता तेव्हा. तरुण सर्जननं आईला विचारलं, त्यांचा खांदा दुखत होता का? आई म्हणाली, "सिन्स इलेव्हन थर्टी." त्यानं ते लिहून घेतलं आणि मान वर केली नाही. मामा पंचवीस वर्षांचा होता की सव्वीस, यावर फॉर्म भरताना बाबा अडले. आईनं सांगितलं, सव्वीस, मागच्याच महिन्यात झाला.

मनोहरकाका पुढे वर्षभर येत राहिले. यायचे, सोफ्याच्या कडेला बसायचे, चहा तसाच ठेवायचे. एकदा म्हणाले, "परीक्षेला पुन्हा बस तू. लागेल ती मदत मी करीन." आई म्हणाली, "कशाला?" तेवढंच. तिनं पुस्तकं खाली काढली नाहीत, आणि लॅबमध्येच रिटायर झाली. शेजारी कप पुन्हा झाला नाही. बाबा त्या दिवसाबद्दल मरेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत, आणि बामचा वास मला सहन होत नाही. माझ्या नातीच्या शाळेत सॉकर असतो, तेव्हा मी गाडीतच बसते.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोल्हापूरला फोन लावायचा होता. तिकडे संध्याकाळ. आजीच्या घरी फोन नव्हता, समोरच्या औषधाच्या दुकानात होता. तिथला मुलगा हाक मारून आणायचा. बाबा म्हणाले, "मी सांगतो." आई म्हणाली, "माझी आई आहे ती, मीच सांगीन." तिनं मला बेडरूममधला दुसरा फोन कानाला लावून बसायला सांगितलं, म्हणजे लाइन तुटली तर कळेल. त्यामुळे मी सगळं ऐकलं. आधी दुकानातले आवाज, बाटल्यांचे, रिक्षाचे, मग चपला घासत येणारी आजी आणि तिचा श्वास. आजी ओरडूनच बोलायची, एवढ्या लांब पोचायला हवं म्हणून. "कोण, सुमन? आत्ता कसा गं फोन? श्री बरा हाय न्हवं?"

आई म्हणाली, "आई, श्री गेला."

कुणीतरी आजीला स्टूल दिलं असावं, ते सरकल्यासारखं वाजलं. मग आजीनं विचारलं, "कशानं?" आता ती ओरडत नव्हती. आईनं सांगितलं, खेळताना मार लागला, पोटात रक्त झालं, कुणाला कळलं नाही, उशीर झाला. एकेक वाक्य ती सुटं सुटं सांगत होती.

"आनि तू?" आजी म्हणाली. "तू हुतीस न्हवं तिथं?"

मी बेडरूमच्या दारातून बघत होते. आईनं फोनची वायर मुठीत धरली होती. तिनं माझ्याकडे बघितलं. मी ऐकतेय हे तिला माहीतच होतं.

"न्हाई, आई," ती म्हणाली. "मी घरात होते. मी गेलेच नव्हते बघायला."

"तरीच," आजी म्हणाली. "तरीच म्हटलं. तू असतीस तर तुला कळलं असतं गं. तू जाऊ दिलं नसतंस त्याला."

आई म्हणाली, "होय."

"रडू नको," आजी म्हणाली. "तुझा काय दोष त्यात? तू नव्हतीस तिथं." आणि लाइन तुटेपर्यंत आजीच आईची समजूत घालत राहिली.